जुगारबंदीच्या युरोपीय सेवा आणि खानदेशातल्या फोनवरचे उपाय : कुठलं किती कामाचं

जळगाव, धुळे, नंदुरबारची बरीच मुलं आज जर्मनी, ब्रिटन, नेदरलँड्स, आयर्लंडला शिकायला किंवा नोकरीला आहेत. तिकडे ऑनलाइन जुगार कायदेशीर आहे आणि फोनमध्येच आहे. इकडे रावेर-भुसावळपासून शिरपूरपर्यंत त्याच धंद्याचं दुसरं रूप दिसतं: व्हॉट्सॲपवर मिळणारी आयडी (जुगाराच्या साइटचं तयार खातं), अनोळखी माणसाच्या यूपीआयवर भरायचे पैसे, आणि साइटच्या तळाशी ‘माल्टा परवाना’ किंवा ‘कुरासाव परवाना’ असा शिक्का. दोन्हीकडच्या घरच्यांना एकच विचारायचं असतं, की हे थांबवायचं कसं. त्यासाठी ज्या सेवा उपलब्ध आहेत, त्यांचं हे परीक्षण आहे. यातल्या बहुतेक फुकट आहेत, काही खरोखर चांगल्या आहेत. पण प्रत्येकीला हद्द आहे, आणि ती हद्द माहीत नसली की माणूस नको तिथे भरवसा ठेवतो.

ही हद्द कुठून आली ते आधी पाहू. युरोपीय संघात २७ देश, औषधापासून मोटारीपर्यंत अनेक नियम सामायिक. जुगारासाठी मात्र सामायिक कायदा नाही. सेवांच्या मुक्त व्यापारासाठी २००६ मध्ये जो निर्देश काढला, त्यातून जुगार मुद्दाम वगळला. २००९ मध्ये पोर्तुगालच्या एका प्रकरणात युरोपीय न्यायालयाने स्पष्टच सांगितलं: एका देशाने परवाना दिला, एवढ्यावरून दुसऱ्या देशाने त्या कंपनीवर विश्वास ठेवलाच पाहिजे असं नाही. २०१४ मध्ये युरोपीय आयोगाने ग्राहक संरक्षणाची शिफारस काढली, पण ती बंधनकारक नाही. त्यामुळे प्रत्येक देशाचा परवाना वेगळा, नियम वेगळे, आणि बंदीची नोंदवहीसुद्धा (‘मला खेळू देऊ नका’ म्हणून आपलं नाव चढवायची यादी) वेगळी. जर्मनीत स्वतःवर बंदी लावून घेतलेला मुलगा नोकरीसाठी ॲमस्टरडॅमला गेला की तिथे त्याची पाटी कोरी. सगळ्या युरोपासाठी एकच नोंदवही नाही.

याचं टोक युरोपीय संघातल्याच माल्टा या छोट्या बेट-देशात दिसतं. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या खेळाडूंनी आपापल्या कोर्टात जाऊन ‘या कंपनीकडे आमच्या देशाचा परवाना नव्हता, हरलेले पैसे परत द्या’ असे निकाल मिळवले. माल्टाने २०२३ मध्ये आपल्या गेमिंग कायद्यात ५६अ हे कलम घातलं आणि परवानाधारक कंपनीविरुद्ध असे परदेशी निकाल आपल्या कोर्टांनी अमलात आणू नयेत अशी तजवीज केली. यावरून युरोपीय आयोगाने जून २०२५ मध्ये माल्टाविरुद्ध कारवाई सुरू केली. म्हणजे व्हिएन्नाच्या माणसाला, हातात निकाल असताना, शेजारच्या देशातून पैसे काढताना घाम फुटतो. मग अमळनेरच्या माणसाने त्या शिक्क्यावर भिस्त ठेवावी असं काहीही त्यात नाही.

आता एकेक सेवा. सगळ्यात भक्कम जर्मनीची ओएझिस. डार्मश्टाट इथलं प्रादेशिक शासन ती चालवतं. एकदा नाव चढलं की जर्मन परवान्याच्या सगळ्या ऑनलाइन साइट, गल्लीतली स्लॉट मशीनची दुकानं आणि कॅसिनो, सगळीकडे दार बंद होतं, कारण खेळायला देण्यापूर्वी यादी तपासणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. स्वतःहून लावलेली बंदी मुळात एक वर्षाची असते. कमी मुदत मागता येते, पण तीन महिन्यांच्या खाली नाही. मुदत संपली म्हणून नाव आपोआप निघत नाही, लेखी अर्ज करावा लागतो. ही गोष्ट फार मोलाची आहे. साइटवर २४ तासांच्या तात्काळ बंदीचं बटणही असतं. पगार झाल्याच्या रात्री त्याचा उपयोग होतो, कायमचा इलाज म्हणून नाही.

ओएझिसचा खरा विशेष म्हणजे बंदी दुसऱ्यालाही मागता येते. तिथे राहणारा मोठा भाऊ, पत्नी, नातेवाईक अर्ज करू शकतो. त्याला कारण आणि पुरावा द्यावा लागतो: कर्ज थकलंय, घरभाडं थांबलंय, कमाईच्या मानाने डाव फार मोठे आहेत. बँकेचं स्टेटमेंट, घरमालकाची नोटीस, उसनवारीचे मेसेज हे सगळं जोडावं. ज्याच्यावर बंदी येणार त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळते, त्यामुळे हे त्याच्या नकळत होत नाही. घरात आधी बोलणं झालेलं बरं. अशी बंदी किमान एक वर्षाची. अर्ज अडतो तो बहुधा नुसत्या ‘खूप खेळतो हो’ या वाक्यावर. आकडे आणि कागद लागतात.

जर्मनीत आणखी एक कुंपण आहे: सगळ्या परवानाधारक साइट मिळून महिन्याला १,००० युरो एवढीच भरणा-मर्यादा, स्लॉटवर एका फेरीला एक युरो आणि एक फेरी सरासरी किमान पाच सेकंदांची. ऐकायला कडक वाटतं. पण विद्यार्थी व्हिसासाठी जे ब्लॉक खातं उघडतात त्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि महिन्याला ९९२ सुटतात. कायद्याची मर्यादा मुलाच्या अख्ख्या महिन्याच्या पैशापेक्षा आठ युरोंनी जास्त आहे! म्हणून ‘तिकडे लिमिट असतं’ या बोलण्यावर आईवडिलांनी निश्चिंत होऊ नये. खातं उघडताना साइट मर्यादा विचारते तेव्हाच ५० किंवा १०० युरो टाकता येतात, आणि ती सगळ्या साइटना मिळून लागू होते.

ओएझिसच्या बाहेर काय राहतं? आठवड्यातून फार तर दोनदा सोडत निघणाऱ्या लॉटऱ्या सुटतात, आणि जर्मन परवाना नसलेल्या सगळ्या साइट सुटतात. दुसरी फट मोठी आहे. इटली २००६ पासून इंटरनेट कंपन्यांकरवी बिनपरवाना साइट बंद करवते. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मात्र २०२५ मध्ये ठरवलं की जर्मन राज्यांमधल्या जुगारविषयक कराराच्या तेव्हाच्या तरतुदीनुसार इंटरनेट कंपन्यांना असा आदेश देता येत नव्हता. त्यामुळे तिथे ओएझिससोबत फोनवरचा अडथळा लावावाच लागतो.

ब्रिटनची गॅमस्टॉप वापरायला सगळ्यात सोपी. नाव, जन्मतारीख, ईमेल, मोबाईल, पोस्टकोड भरायचा; सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे यातून निवडायचं. मुदतीच्या आत रद्द होत नाही, आणि मुदत संपल्यावरही आपण मागेपर्यंत नाव यादीत राहतं. ३१ मार्च २०२० पासून ब्रिटिश परवान्याच्या प्रत्येक ऑनलाइन कंपनीला ती सक्तीची आहे. लागू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ जातो, म्हणून शुक्रवारी रात्री नोंद केली तर शनिवारची मॅच त्या फटीत येऊ शकते.

इथे आपल्या मुलांचं काय चुकतं, तर तपशील. जुळवणी नाव-जन्मतारीख-ईमेल-पोस्टकोड यांवर होते. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, बँकेत ते गळालेलं, बेटिंग खात्यावर तिसरंच स्पेलिंग. त्यात विद्यार्थी दरवर्षी खोली बदलतो, म्हणजे पोस्टकोड बदलतो. नोंद करताना वापरात असलेले आणि जुने सगळे ईमेल, मोबाईल, पत्ते टाका, आणि घर बदललं की त्याच आठवड्यात गॅमस्टॉपवरही बदला. जाणूनबुजून नवा ईमेल काढून खातं उघडणं ही पळवाट आहेच. तिच्यासाठी बँक लागते. ब्रिटनच्या अनेक बँकांत जुगाराचे व्यवहार अडवायची कळ ॲपमध्येच असते. मॉन्झोमध्ये ती बंद करायला ४८ तास थांबावं लागतं, आणि त्या दोन दिवसांत बहुतेकदा डोकं शांत होतं. ही कळ चालते कशी? कार्डाच्या व्यवहारात दुकानदाराचा प्रकार सांगणारा चार आकडी कोड असतो, जुगाराचा ७९९५. बँक तो ओळखते आणि अडवते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. क्रेडिट कार्डावर जुगार तर ब्रिटनमध्ये १४ एप्रिल २०२० पासूनच बंद आहे.

नेदरलँड्सची क्रुक्स चांगली आहे: किमान सहा महिने, ऑनलाइन आणि कॅसिनो दोन्हींना लागू, आणि जवळच्या माणसाला दुसऱ्यासाठी नोंदीची मागणीही करता येते. डिजीडीने (तिथल्या सरकारी ऑनलाइन ओळखीने) लॉगिन होतं, त्यासाठी बीएसएन हा तिथला नागरिक-क्रमांक आणि नोंदलेला पत्ता हवा. पोहोचल्या पोहोचल्या महापालिकेत नोंद केली नसेल तर आधी ते काम. स्वीडनच्या स्पेलपाऊसमध्ये एक, तीन, सहा महिने किंवा बेमुदत, आणि नाव चढलं की कंपन्यांना त्या माणसाला थेट जाहिराती पाठवायलाही बंदी. ‘फ्री बेट’चे मेसेज थांबणं हा छोटा फायदा नाही, सुटलेली सवय परत लागते ती त्या मेसेजनेच. डेन्मार्कची रोफुस २४ तासांपासून कायमपर्यंत जाते. आयर्लंडचा कायदा २०२४ चा, प्राधिकरण मार्च २०२५ मध्ये उभं राहिलं, राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद त्या कायद्यात आहे. तिकडच्या मुलांनी तूर्त बँकेची कळ आणि फोनवरचा अडथळा यांवर जास्त भर द्यावा.

आता आपल्याकडे. पारोळा-अमळनेरकडे ‘भाऊ, आयडी शे का?’ एवढं विचारलं की नंबर मिळतो. ती साइट उघडली की तळाशी शिक्का. तो तपासायला दोन मिनिटं लागतात. शिक्क्यावर बोट ठेवा. खरा असेल तर नियामकाच्या स्वतःच्या पत्त्यावर नेतो. माल्टाचा असेल तर पत्त्याचा शेवट ‘एमजीए डॉट ओआरजी डॉट एमटी’ असाच हवा, ब्रिटनचा असेल तर ‘गॅम्बलिंगकमिशन डॉट जीओव्ही डॉट यूके’. तिथे कंपनीचं नाव शोधा, परवाना चालू आहे का पाहा, आणि मुख्य म्हणजे तुम्ही उघडलेल्या साइटचा पत्ता त्या नोंदीत आहे का ते अक्षर-अक्षर लावून बघा. नकली साइट खऱ्या कंपनीचा क्रमांक उचलते आणि पत्त्यात एखादा आकडा वाढवते; फसवणूक तिथेच पकडली जाते. शिक्का म्हणजे नुसतं चित्र असेल, दाबून काहीच उघडत नसेल, तर पुढे बघायची गरज नाही.

कुरासावचं वेगळं सांगायला हवं, कारण तोच शिक्का जास्त दिसतो. कुरासाव युरोपात नाही. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचं, नेदरलँड्सच्या राजसत्तेखालचं ते बेट आहे आणि युरोपीय संघाचे नियम तिथे लागू नाहीत. वर्षानुवर्षे तिथे चार मुख्य परवानाधारक होते आणि ते पुढे शेकडो साइटना उपपरवाने देत. ‘८०४८/जेएझेड’ असा क्रमांक त्याच पद्धतीतला. २४ डिसेंबर २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, त्यात उपपरवान्याची पद्धत राहिली नाही. आजही जुना क्रमांक मिरवणारी साइट म्हणजे जुनं स्टिकर.

आणि शिक्का अस्सल निघाला तरी खानदेशातल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो वा नशिबाचा, पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि ५० लाख. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, त्यामुळे तक्रार द्यायला त्याने घाबरू नये. परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांतही लॉटरी, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक्ससाठी बाहेर पैसा पाठवायला मनाई आहे. म्हणूनच कंपनी स्वतःचं खातं कधी दाखवत नाही. दर वेळी कुणातरी अनोळखी माणसाचं यूपीआय देते. इथे तो ७९९५ कोड नसतो. बँकेला हा व्यवहार म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला दिलेले पैसे एवढंच दिसतं. लंडनमध्ये चालणारी कळ आपल्या बँकेत का नाही, याचं उत्तर यात आहे.

उरतो फोन. बेटब्लॉकर हे ब्रिटनमधल्या धर्मादाय संस्थेचं ॲप फुकट आहे, नाव-ईमेल मागत नाही, २४ तासांपासून पाच वर्षांपर्यंत बंदी लावता येते. अँड्रॉइडवर ते व्हीपीएनच्या मार्गाने, म्हणजे फोनचं इंटरनेट स्वतःमधून वळवून चालतं. लावल्यावर दोन गोष्टी न चुकता करा. बॅटरीच्या सेटिंगमध्ये या ॲपला ‘निर्बंध नाही’ द्या. नाहीतर आपल्याकडचे बरेचसे स्वस्त फोन बॅटरी वाचवायच्या नादात रात्रीतून ते बंद करतात. आणि व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये त्याच्यापुढच्या चाकावर जाऊन ‘कायम चालू’ करा. उणीव अशी की अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो. दुसरा लावला की हा गळतो. शिवाय कुठलीही ठरलेली यादी रोज पत्ता बदलणाऱ्या साइटच्या मागेच राहते.

आपल्या भागातल्या साइटसाठी नेक्स्टडीएनएस जास्त कामाचं वाटतं. फोन साइटचा पत्ता शोधतो तेव्हाच नको ते पत्ते अडवणारी ही सेवा आहे. वेबसाइटवर खातं काढा, पालक-नियंत्रणात जाऊन ‘गॅम्बलिंग’ हा गट निवडा. मग सुरक्षेच्या पानावर ‘नव्याने नोंदलेले डोमेन’ अडवायची कळ लावा. ही कळ सगळ्यात महत्त्वाची, कारण ३० दिवसांच्या आतले सगळे पत्ते ती अडवते, आणि आयडीवाल्यांच्या साइट बहुतेक त्याच वयाच्या असतात. एखादी तरी सुटलीच तर तिचा पत्ता नकार-यादीत टाका, लगेच बंद होते. पळवाटा अडवायची कळही लावा. शेवटी खात्यात दिलेलं नाव फोनच्या नेटवर्क सेटिंगमधल्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये भरा; अँड्रॉइड ९ पासून पुढे ही सोय आहे. महिन्याला तीन लाख विचारणांपर्यंत (फोनने पत्ता शोधला की एक विचारणा) फुकट, त्यानंतर अडवणं थांबतं. एका फोनला तेवढं बहुधा पुरतं, घरच्या चार-पाच फोनना एकच खातं लावलं तर महिनाअखेरीस संपू शकतं. उघडलेल्या साइटची नोंद तिथे साठते. नको असेल तर ती बंद करा. पासवर्ड बहिणीकडे किंवा बायकोकडे ठेवावा, ज्याला सवय आहे त्याच्याकडे नाही.

दोन्ही उपायांना चकवणारी गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट टाकायचं ॲप. सेटिंगमध्ये ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे’ शोधा आणि व्हॉट्सॲप, टेलिग्राम, क्रोम तिन्हींसाठी ते बंद करा. बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा घरखर्चापुरती उतरवा. केळीचे किंवा कापसाचे पैसे ज्या खात्यात येतात, ते यूपीआयला जोडूच नये. रोजच्या खर्चाला वेगळं छोटं खातं ठेवावं.

हे सांगायला आणखी एक कारण आहे. जिंकलेले पैसेही अनोळखी खात्यातूनच येतात. त्या खात्यावर दुसऱ्या राज्यात सायबर तक्रार झाली की साखळीतली पुढची खाती गोठतात, त्यात तुमचंही. पाचशे रुपये जिंकलेल्याचं, व्यापाऱ्याने नुकतेच केळीचे पैसे टाकलेलं खातं अडकू शकतं. असं झालं तर शाखेतून तीन गोष्टी लेखी घ्या: तक्रारीचा क्रमांक, कुठलं पोलीस ठाणं, वादातली नेमकी रक्कम. मग तेवढीच रक्कम रोखून बाकी खातं मोकळं करावं असा अर्ज बँक आणि त्या तपास अधिकाऱ्याला द्या, सोबत केळीची पट्टी किंवा जिनिंगची पावती जोडा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणांत गोठवणूक वादातल्या रकमेपुरतीच ठेवायला सांगितलं होतं. अर्जात त्याचा उल्लेख करता येतो. आपलं खातं, एटीएम, सिम कुणाला ‘भाड्याने’ देणं मात्र सरळ गुन्ह्यात ओढतं. कॉलेजच्या मुलांना घरी हे स्पष्ट सांगा.

साइटने पैसे अडकवले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, त्याच दिवशी, जमलं तर पहिल्या तासात. हाताशी ठेवा: बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम, समोरच्याचं यूपीआय, चॅटचे स्क्रीनशॉट. लोक रागाच्या भरात चॅट पुसतात, आणि स्क्रीनशॉटमध्ये संदर्भ क्रमांकच येत नाही. मग बँकेला शोधायला धागा राहत नाही. लावलेला डाव हरला तर ते पैसे या मार्गाने परत येत नाहीत, आणि तक्रारीत खोटं लिहिलं तर पुढे अडचण वाढते. काढू न दिलेली रक्कम, ‘आधी कर भरा मग पैसे सोडतो’ म्हणून घेतलेले पैसे, खात्यातून परस्पर गेलेले पैसे, हे मात्र स्पष्ट वेगळं लिहावं.

झोप उडाली असेल, घरात बोलणं बंद झालं असेल, तर १४४१६ वर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि घरच्यांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.